हमीदचाचांचा जपानी

सकाळी साडेपाचला कंपनीची बस. त्याआधी आमच्या खोलीतले हमीदचाचा चहाला तोंड लावत नसत. आधी मोबाईलवर जपान्याचा नंबर बघायचा.

जपानी म्हणजे एक रिटायर झालेला फुटबॉलवाला. चाचांनी जन्मात बॉलला पाय लावलेला नाही. पण एक वेबसाइट आहे, तिथे नावाजलेल्यांचे वाढदिवस असतात आणि कोण किती लोकप्रिय त्याचा नंबर. जितके लोक पान उघडतील तितका माणूस वर. तिथे चाचांना हा सापडला. जन्मतारीख चाचांचीच, सालही तेच. झालं.

"तो खाली गेला की मी गेलो. तो यादीतून उडाला की माझा इकामा खलास," चाचा सांगायचे. इकामा म्हणजे सौदीत राहायचा परवाना. माणूस दापोलीकडचा, दम्माममध्ये केस पिकवलेला. गोदामात स्पेअर पार्ट मोजायचे आणि मधेमधे जपान्याचं पान उघडायचे. मेसचा आचारी, बसचा ड्रायव्हर, कुणाला सोडलं नाही. "भाई, एक क्लिक मारो."

मी बार्शीच्या शाळेत मास्तरांच्या नकला करून मार खाल्लेला. चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाला, "या अल्ला, चार नंबर खाली" असं केलं की अख्खी बस लोळायची. चाचाही हसायचे आणि हसता हसता माझ्या मोबाईलवरून एक क्लिक मारून घ्यायचे.

मग कळलं, काम कमी झालंय. गोदामातल्या आम्हा दोघांपैकी एकाला घरी पाठवणार. नाव गुरुवारी लागणार.

माझ्या नकला बंद पडल्या. मला येऊन आठच महिने झाले होते. बापाने गावात लावलेला माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स अजून उतरला नव्हता. त्याच्या खालूनच घरी जावं लागलं असतं. मीही गुपचूप जपान्याचा नंबर बघायला लागलो. सोमवारी तो घसरला. मंगळवारी आणखी. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच भीती वाटली.

पण चाचा तर दिवसभर मोबाईल बडवत होते. मग हा घसरतो कसा?

बुधवारी सकाळी ते नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला गेले. मोबाईल पलंगावर उघडाच होता. त्यावर जपानी नव्हता. नॉर्वेची कुणी पोरगी होती, केक करून दाखवणारी. तारीख माझी, साल माझं.

चाचा मागे येऊन उभे राहिले. "तुझी ही फार खाली होती रे मेल्या. आठवडा गेला वर आणायला."

"आणि जपानी?"

चाचांनी हात पुसले. "तो रिटायर आहे. त्याला काय."

गुरुवारी नाव लागलं. चाचांचं.

आता साडेपाचच्या बसआधी मी चहा घेत नाही. आणि दापोलीला फोन लावला की चाचा आधी माझ्या नॉर्वेवालीचा नंबर विचारतात. मी जपान्याचा सांगतो.