कचरूभाऊंचा खुराक

शहागडात कोणाचीही वरात कचरूभाऊंच्या शेडपाशी आली की बँड गप्प होतो. एकदा झाला नाही, तेव्हा कचरूभाऊ घोड्यासमोर आडवे उभे राहिले. "बोकडं रवंथ करून राह्यलीत! दचकली तर आजचा खुराक वाया! अन् घोड्याच्या टापा बी वाजतेत." नवरदेव खाली उतरला. अख्खं वऱ्हाड चवड्यांवर चालत पुढे गेलं.

दूध तुटलेली पिल्लं आणायची, शेडमध्येच ठेवायची आणि तीन महिन्यांत भरदार करून विकायची, हा त्यांचा धंदा. मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, तुरीचं भुसकट, सगळं मापानं. चरायला सोडणं बिलकुल मंजूर नाही. "हिंडलं की झिजलं!" एका व्यापाऱ्यानं विचारलं, "बादाम खिलाते क्या भाई?"

"बादाम न्हाई. शांतता."

माझं घर शेडला लागूनच. गेल्या हिवाळ्यात माझी पत्नी गेली आणि माझं जेवण सुटलं. महिनाभरानं कचरूभाऊंनी मला रस्त्यात गाठलं, पाठीमागून कमरेच्या मणक्यावर अंगठा दाबला, बोकडाचा दाबतात तसा. "सर, हाडं लागून राह्यलीत! अशा मालाला गिऱ्हाईक न्हाई!" लगेच शेडमधल्या वजनकाट्यावर उभं केलं. माझ्या आधी उतरलेला बोकड माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत होता.

मेहुणीनं पाठवलेल्या पुरणपोळ्या त्यांनी जप्त केल्या. "उपाशी पोटाला एकदम भारी खुराक? फुगून जाल! हळूहळू वाढवू." पहिल्या दिवशी त्यांच्याकडून चतकोर भाकरी आणि पिठलं आलं, तिसऱ्या दिवशी अर्धी, आठवड्यानं दोन. मला खावंसं वाटेना. नाही म्हणायचा धीर नव्हता, म्हणून मी ती भाकरी शेडच्या मागच्या जाळीतून एका बोकडाला देत गेलो.

एका सकाळी त्या बोकडाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. कचरूभाऊंनी त्याला गोडेतेल पाजलं आणि एरवी शेडबाहेर पाऊलही टाकू न दिलेल्या त्या बोकडाला दोरीला धरून गल्लीभर फिरवलं. लोक माड्यांवरून पाहत होते. अखेर बोकडानं एक दणदणीत ढेकर दिली. कचरूभाऊंनी तिचा वास घेतला आणि सावकाश माझ्या दाराकडे वळून पाहिलं.

दुपारी ते आले. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्यांच्या हातात दोन ताटं होती. एक माझ्यापुढे ठेवून ते समोर मांडी घालून बसले. "चुकी माझी हे. एकटं पिल्लू खात न्हाई. शेजारी तोंड हलावं लागतं."

आणि ते जेवू लागले. इतक्या घाईनं, की मीच म्हणालो, "सावकाश, कचरूभाऊ."

त्यांचा हात थांबला. "आदत लागली, सर. घरवाली गेल्यापासून शेडमधी उभ्यानंच खाऊन राह्यलो. सहा वर्षं झाली. बसून आजच."

थोड्या वेळानं मी भाकरी मोडली. घास चावला, गिळला.

"भाजीत मीठ कमी आहे," मी म्हणालो.

"बराबर," खाली मान घालूनच ते म्हणाले. "मंग उद्या तुम्ही करा."