संत जोसेफची डावी भुवई

१९८५च्या जानेवारीत मोजले तेव्हा चर्चमध्ये पुतळे पाच होते. पाचांची मिळून पन्नास बोटं असायला हवी होती, भरली त्रेचाळीस. संत अंतोनच्या कडेवरच्या बाळ येशूची दहा वेगळी धरली, ती शाबूत होती. संत सेबास्टियनच्या अंगावर भोकं सहा आणि बाण चार. नेमकं संत जोसेफच्या डोक्यावरचं छपराचं कवेलू फुटलेलं असल्याने दोन पावसाळ्यांत त्याचा चेहरा धुऊन गेला होता, नाकही पडलं होतं. पहिलं बाक त्याच्यापासून अकरा फुटांवर. ही मोजदाद चर्च सांभाळणाऱ्या लच्छूने टेप लावून केली. बिशपसाहेबांच्या कार्यालयाने नकाशासह यादी मागवली होती, आणि एकोणीस मार्चला, संत जोसेफच्या सणाला, ते स्वतः येणार होते.

पुतळा रंगवायला नागपूरला पाठवावा तर वाटेत उरलेली बोटंही गेली असती. मूल या तालुक्याच्या ठिकाणापासून सात किलोमीटरवरच्या त्या गावात रंगारी एकच, मुखरू. तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ते लाकडी नंदी तो रंगवायचा. फादर वर्की केरळचे. मराठी पुस्तकावरून शिकलेले. त्यांनी मुखरूला बजावलं की झूल नको, गळ्यात घुंगरं नकोत आणि डोळे नंदीएवढे नकोत. मुखरूने विचारलं, मग हा माणूस होता तरी कसा?

"सुतार होते," फादर म्हणाले. "कष्टाळू आणि मितभाषी. दाढी अवश्य असावी."

मुखरूने आठ दिवस काम केलं. लाकडाचा भुसा डिंकात मळून नाक बसवलं, दाढी रंगवली. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेआधी लच्छूने पुतळ्यावरची चादर काढली. पहिल्या बाकावरच्या गुणाबाईने पदर आधी पुढे ओढला, मग मागे केला.

पुतळ्याला कोलूचं तोंड होतं.

कोलू म्हणजे गुणाबाईचा नवरा. नंदी तो घडवायचा आणि मुखरू रंगवायचा. एक्क्याऐंशीच्या पोळ्यानंतर, दिवाळीला येतो म्हणून, तो भिलाईकडे कामाला गेला. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. गुणाबाईजवळ त्याचा फोटोही नव्हता. आणि आता, डाव्या भुवईवर लाकडाची ढलपी उडून झालेल्या खुणेसकट, तो हातात लिलीची फुलं घेऊन उभा होता.

फादरनी मुखरूला जाब विचारला.

"तुमीच सांगतलं ना सुतार म्हणून," मुखरू म्हणाला. "मले एकच सुतार पाठ हाये."

चर्चच्या पायरीला कधी पाय न लागलेली माणसं येऊ लागली. ठमाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिच्या बाजेचा एक पाय कोलू दुरुस्तीला घेऊन गेला होता. तिने पुतळ्यासमोर उभं राहून तीन पाय आणि चार विटांवर माणूस कसं झोपतं ते सविस्तर सांगितलं. कोणी अर्धवट राहिलेल्या चौकटीची आठवण करून दिली. जाताना प्रत्येकाने मेणबत्ती मात्र लावली. याला प्रार्थना म्हणावं की तगादा, हे फादरना ठरवता येईना.

गुणाबाई काही मागत नव्हती. धानाच्या गिरणीतून सुटली की येऊन बसायची. ती गेल्यावर बाक थोडं पुढे सरकलेलं असायचं, आणि लच्छू ते ढकलून पुन्हा अकरा फुटांवर नेऊन ठेवायचा.

सण दहा दिवसांवर आला तेव्हा फादरनी चेहरा बदलायचं ठरवलं. गुणाबाईला ते स्वतः सांगायला गेले. ती रडेल या हिशोबाने समजुतीची चार वाक्यं त्यांनी पाठ केली होती; ती तशीच राहिली. तिने फक्त विचारलं, तोंड किती दिवस कोरं राहील? दोन दिवस, फादर म्हणाले. मुखरूला त्यांनी बजावलं, की ओळख पटता कामा नये. ती भुवईवरची खूण तर आधी बुजव.

मग गुणाबाई मुखरूकडे गेली.

"दाढी तं त्याईले नव्हतीच," ती म्हणाली. "पन इतक्या दिवसात वाढली असन. कानापाशी थोडं पांढरं कर, मुखरूभाऊ. अन् गाल आत घे. बाहेरचं खाऊन राह्यले ते."

मुखरूने तसं केलं. खूण भुशा-डिंकाने बुजवली. नवा जोसेफ दहा वर्षांनी थोराड दिसत होता. फादरनी दोन्ही बाजूंनी निरखून पाहिलं आणि त्यांचं समाधान झालं.

पण डिंक वाळला की आकसतो. एकोणीस तारखेपर्यंत भुवईवर पुन्हा बारीक खाच पडली होती. बिशपसाहेब पुतळ्यासमोर बराच वेळ थांबले. मग म्हणाले की संत दमलेले वाटतात, फार लांब चालून आल्यासारखे. असा जोसेफ आपण आजवर पाहिला नाही. फादरनी खाली पाहिलं.

गर्दी ओसरल्यावर ठमाबाई पुढे आली. ती पुतळ्याकडे तोंड वर करून उभी राहिली.

"किती वाळला रे बाप्पा," ती म्हणाली. "राहू दे. बाजेचा पाय मी दुसऱ्याच्या हातून बसवून घेईन."

त्या संध्याकाळी लच्छूने बाक ढकललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

१९८६च्या जानेवारीत कार्यालयाने पुन्हा यादी मागवली. पुतळे पाच. बोटं बेचाळीस. बाण चार. पहिलं बाक संत जोसेफपासून दोन फूट तीन इंच.