रस्त्याला शेवटचा डबा नसतो

जेलरोडच्या आमच्या गल्लीतून गाडी बाहेर काढायची तर लायसन्स नसलं तरी एक वेळ चालतं, पण पगारेकाकांची हिरवी झेंडी लागते. काका मनमाडकडच्या एका रेल्वे फाटकावर एकतीस वर्षं गेटमन होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण ती बातमी त्यांच्या उजव्या हातापर्यंत अजून पोचलेली नाही. दुधवाल्याची मोटरसायकल असो की लग्नाची बस, इंजिनचा आवाज आला की काका बनियनवरच दारात येतात, झेंडी धरतात आणि गाडी वळेपर्यंत तिच्या बुडाकडे बघत राहतात. फाटकाचा कायदाच आहे: शेवटच्या डब्याची पाटी दिसल्याशिवाय गाडी गेली असं म्हणायचं नाही. "आर्धी मागं सुटून राहिली असंल तर? जबाबदार कोण?" असं त्यांनी समोरच्या जोशीबाईंना विचारलं होतं. जोशीबाई स्कूटीवर होत्या. तरी त्यांनी एकदा मागे वळून बघितलं.

काकांच्या कुत्र्याचं नाव पॅसेंजर. दर खांबाला थांबतो म्हणून. पण चारचाकी दिसली की ह्याच पॅसेंजरची मेल गाडी होते. एकदा एका सिमेंट मिक्सरमागे तो द्वारका चौकापर्यंत गेला होता. खोटं वाटत असेल तर मिक्सरवाल्याला विचारा, तो अजून त्या रस्त्यानं येत नाही.

गेल्या महिन्यात मात्र एका गाडीचं चाक त्याच्या पंजाला घासून गेलं. पंजा वाचला, एक नख गेलं. काकूंनी त्याच दुपारी निकाल दिला.

"पंधरा दिवस. शिकला तर ठीक. नाय तर निफाडला भावाच्या मळ्यावर धाडते. द्राक्षं राखील, पण जिता तरी राहील."

"शिकवतो ना," काका म्हणाले. "आख्खी पब्लिक थांबवली मी फाटकावर. हे तर कुत्रं हाय."

पहिल्या दिवशी त्यांनी लाल झेंडी दाखवली. पॅसेंजरनं ती खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून पट्टा आणि सुके बोंबील आले. गाडी माझी, चौदा वर्षांची. गल्लीच्या टोकाला थांबून मी काकांना फोन करायचा, कारण फाटकावर स्टेशनमास्तरशी नंबरांची देवघेव झाल्याशिवाय गाडी सुटत नाही.

"ड्रायव्हरसाहेब, नंबर द्या."

"कुठला?"

"कुठलाबी. पण मनापासून द्या."

"सदतीस."

"माझा बावन्न. या."

मग मी बैलगाडीच्या चालीनं यायचं. पॅसेंजर हिसका मारायचा, काका "बस!" म्हणून ओरडायचे, बसला की बोंबील. दिवसातून वीस फेऱ्या. आठवड्याभरात गल्लीची रत्नागिरी झाली. देवळाली कॅम्पातली मांजरं सहकुटुंब मुक्कामाला आली. पण कुत्रं इंजिन ऐकलं की बसायला लागलं.

तेवढ्यानं काकांचं समाधान होईना. "बसणं सोपं हाय. शेवटचा डबा जाईस्तोवर बसून राहणं, ही ड्युटी."

तेराव्या दिवशी सकाळी नऊ वाजता ते त्याला घेऊन पुणे रस्त्याला गेले. साडेअकरा झाले तरी पत्ता नाही. फोन लागेना. काकूंच्या हातातलं लाटणं तसंच होतं, त्या माझ्या गाडीत येऊन बसल्या. वाटेत फक्त रस्त्याच्या कडा बघत होत्या.

काका रस्त्याच्या कडेला ताठ उभे होते. एका हातात झेंडी, दुसऱ्यात पट्टा, पायाशी पॅसेंजर. समोरून कांद्याचे ट्रक, एसट्या, शिर्डीवाले, रिक्षा, सगळं नाशिक चाललेलं.

"अहो, करताय काय इथं?"

"गाड्या पास होऊ राहिल्या. शेवटची गेली की येतो."

काकूंनी कपाळावर हात मारला, लाटण्यासकट. "अहो, रस्त्याला शेवटचा डबा नसतो! आपण मेल्यावरबी हे असंच चालू राहणार हाय!"

काकांची झेंडी हळूहळू खाली आली. एकतीस वर्षांत हा मुद्दा कुणी काढलाच नव्हता.

मी मात्र खूश. अडीच तासांत दोन लाख गाड्या गेल्या असतील (बरं, निम्म्या धरा) आणि कुत्रं जागचं हललेलं नव्हतं! पण काकूंची नजर काकांच्या मुठीवर गेली. पट्ट्याचे तीन वेढे, बोटं जांभळी पडलेली.

"हे शिकलंय, का तुम्ही धरून ठेवलंय?"

काकांनी पट्ट्याचा चौथा वेढा घेतला.

पंधराव्या दिवशी काकूंचे भाऊ पिकअप घेऊन आले. "जय भीम, दाजी," म्हणाले आणि मागच्या हौद्यात गोणपाट अंथरायला लागले.

"थांब भाऊ," काकू म्हणाल्या. "आधी एकदा समोरून गाडी घेऊन जा. अहो, पट्टा काढा. बसला तर राहील."

काकांचा हात पट्ट्यावर गेला आणि तिथंच राहिला. शेवटी काकूंनीच कडी सोडली.

पिकअपनं आवाज केला, धूर सोडला. पॅसेंजरचे कान उभे. मागचे पाय ताणलेले. मला वाटलं, गेलं निफाडला! मी "काका, बस म्हणा, बस म्हणा!" म्हणून ओरडलो, पण काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. ज्या माणसानं कधी गाडीकडे पाठ केली नाही, तो रंगाचे पोपडे बघत होता.

पिकअप गेली.

"गेली का?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"गेली."

"आणि..."

काकूंचा आवाज एकदम खाली आला. "वळा इकडं. तुमच्या चपलेवर बसलाय."

काका लगेच वळले नाहीत. आधी बनियननं तोंड पुसलं.