प्रॉबेबलीचा वाघ

"साहेब येऊ द्या, नाहीतर साहेबाचा बाप येऊ द्या! बोलाले मी आहो ना!"

इंद्रभाननं छातीवर हात आपटला आणि पारावर बसलेली सगळी वाडी त्या छातीकडे बघतच राहिली.

बघणारच! मेडशीच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी टेकलेल्या त्या वाडीत विंग्रजी येणारा हा एकटा माणूस. वाशीमच्या कचेरीत साहेबाच्या डोक्यावरचा पंखा ओढून आलेला. दोरी ओढता ओढता विंग्रजी कानात झिरपली, असं तो सांगायचा. किती झिरपली? एक शब्द! पण शब्द कसला, तोफ!

झालं होतं असं, की कचेरीतला हेडक्लार्क साहेबानं काहीही विचारलं तरी मान वाकवून म्हणायचा, "प्रॉबेबली, सर!" बाकीच्या कारकुनांना रोज शिव्या, आणि हा मात्र कोरडा ठणठणीत! शेवटी इंद्रभाननं धीर करून विचारलं, "रावसाहेब, हे काय असते जी?"

"अरे, आपलं 'असेल'! हो म्हटलं तर धरतात, नाही म्हटलं तर झोडपतात. हे मधलं."

इंद्रभान थक्क! दोरी हातात तशीच राहिली आणि वर पंखा थांबला म्हणून साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, तरी थक्कच! अरे, पटवाऱ्यानं विचारलं, यंदा कापूस बरा? की अख्खा मुलूख म्हणतो, असन जी. शिपायानं विचारलं, दारू कोण गाळते? गाळत असन जी कोणी! आणि आपलं तेच फाटकं 'असन' साहेबाच्या देशात बूट-टोपी घालून फिरतं!

हा अर्थ मात्र त्यानं वाडीत कुणाला सांगितला नाही. नुसता शब्द सांगितला. सोजरबाईनं तर नातवाला दृष्ट लागली तेव्हा त्याच्या कानात तो फुंकून घेतला. पोर रडायचं थांबलं! मग काय विचारता!

पण आता खरंच अडलं होतं. सरकारनं डोंगर बंद केला होता. गुरांना चरायला बंदी! कडबा संपत आलेला. इंद्रभानच्या बैलांच्या फासळ्या अशा वर आलेल्या, की काठी फिरवली असती तर पेटीसारख्या वाजल्या असत्या. आणि नेमका याच वेळी विलायतेतून नवाकोरा उतरलेला साहेब आमराईत तंबू ठोकून बसला. त्याचं बोलणं मराठीत सांगणारा मुन्शी हिवतापानं वाशीमला आडवा!

"इंद्रभान, एकच गोष्ट सांगजो बापा," बबनराव पाटील म्हणाले. "डोंगर मोकळा करा म्हनावं. गुरं मरून राह्यली."

"काहून नाही! आत्ता सांगतो!"

प्रयागबाई, म्हणजे त्याची बायको, मागून म्हणाली, "घरी एक गोष्ट धड सांगता येत नाही तुमाले. साहेबाले काय सांगान?"

"विंग्रजीत सोपं असते वो!"

आमराईत तंबूपुढे उभा असलेला साहेब पळसाच्या फुलासारखा लाल होता. त्यानं डोंगराकडे बोट करून काहीतरी लांबलचक विचारलं. इंद्रभानला वाटलं, वा! स्वतःहूनच डोंगराचं काढलं!

"प्रॉबेबली, सर!"

साहेबाचे डोळे चमकले. त्यानं दोन्ही हात लांब पसरून काही विचारलं. एवढी जमीन पाहिजे का, म्हणत असन!

"प्रॉबेबली, सर!"

मग साहेबानं दात विचकले, हवेत बोचकारलं आणि गर्दीतल्या दौलतसिंगकडे बोट केलं. लोक उपाशी आहेत का, म्हणत असन! इंद्रभानला गहिवरून आलं.

"प्रॉबेबली, सर! प्रॉबेबली!"

आणि साहेबानं त्याचा हात हातात घेऊन गदागदा हलवला! दौलतसिंगनं तर नंतर तो हात हुंगून पाहिला. "साबनाचा वास येते गा!" तो दबक्या आवाजात म्हणाला आणि सगळ्यांनी रांग लावली.

तेवढ्यात साहेबाचा खानसामा निजामुद्दीन धावत आला. "अरे मियाँ, ये क्या कर दिया! साब टायगर टायगर करके नाच रहा है!"

"टायगर म्हंजे?"

"शेर! तुमनेच बोला ना, पहाड पे शेर है, इत्ता लंबा है, आदमी खाता है!"

इंद्रभाननं कपाळावर हात मारून घेतला.

दोन दिवसांचा मुक्काम हलेचना! आणखी तंबू आले. झाडावर मचाण चढलं. साहेबाच्या रोजच्या कोंबडीसाठी वाडीतल्या खुराड्यांवर टाच आली. "तुमच्या विंग्रजीनं माहा कोंबडा खाल्ला!" प्रयागबाई कडाडली. डोंगराचा विषय तर कुणी काढेनाच. वाघ बसलाय तिथं!

हो, वाघ बसलाच! खुद्द साहेब म्हणतो म्हटल्यावर बसणार नाही? दौलतसिंगला ओढ्याच्या रेतीत पंजे दिसले. सोजरबाईनं डरकाळी ऐकली. पाटील म्हणाले, "एवढा दांडगा वाघ, आन आपल्याले पत्ताच नाही!" दिवस मावळायच्या आत इंद्रभाननंसुद्धा दाराला आडणा घातला.

"वाघ तर तुमीच आनला ना?" प्रयागबाईनं विचारलं.

"आनला मीच. पन आता आला असन तर?"

ढोल बडवून वाघाला रानाबाहेर काढायच्या हाक्याचा दिवस उजाडला. हिवतापातून उठलेला मुन्शी हळदीसारखा पिवळा होऊन हजर झाला. ढोल, ताशे, डबे, पराती घेऊन वाडी रानात शिरली. इंद्रभान साहेबाच्या शेजारच्या झाडावर, फांदीला पालीसारखा चिकटलेला. आता झुडपातून निघणार ससा! फार तर कोल्हा! आणि मग साहेब ती बंदूक हळूच आपल्याकडे वळवणार!

झुडूप हललं.

वाघ निघाला.

खरा! पिवळाजर्द, धुराच्या रेघा ओढल्यासारखा! लग्नात नवरदेवाचा मामा चालतो ना, तसा, कुणाची घाई नाही, कुणाची भीती नाही. ढोल थांबले. पाखरं थांबली. साहेबाची बंदूक मांडीवर तशीच, आणि तोंडातला चिरूट खाली. वाघ ओढ्यावर पाणी प्याला, त्यानं मान वर केली, थेट इंद्रभानकडे बघितलं, एक जांभई दिली आणि डोंगरात निघून गेला. पानसुद्धा वाजलं नाही.

इंद्रभानचे हात आपोआप जोडले गेले. वाघाला नव्हे हो, शब्दाला! असन म्हटलं, आणि असला की!

साहेब खाली उतरला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मुन्शी म्हणाला, "साहेब फार खूश आहेत. असं जनावर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. काय पाहिजे ते मागा!"

बबनराव पाटील फेटा काढून पुढे झाले. "मायबाप, डोंगर मोकळा करा. गुरं मरून राह्यली."

मुन्शीनं ते विंग्रजीत सांगितलं. साहेबानं डोंगराकडे बघितलं, टोपी सारखी केली, गोड हसला आणि म्हणाला,

"प्रॉबेबली!"

मुन्शीनं अर्थ सांगायला तोंड उघडलं, पण ऐकतो कोण! ढोल कडाडले! "ज्या शब्दानं वाघ आला, त्याले डोंगर काय जड हाय!" दौलतसिंग गुरं सोडायला पळाला. पाटलांनी इंद्रभानला खांद्यावर उचललं. सगळी वाडी नाचत होती, आणि खांद्यावर बसलेल्या एका माणसाचं तोंड मात्र बुरशी लागलेल्या भाकरीसारखं झालं होतं.

तो गुपचूप खाली उतरला, घरी आला आणि कुडातला इळा काढला.

"अवो, गाव नाचून राह्यलं, आन तुमी कुठी चालले?" प्रयागबाईनं विचारलं.

"वावराच्या धुऱ्यावर. बैलाइले गवत कापाले."

"काहून? डोंगर भेटला ना? काय म्हनला साहेब?"

इंद्रभाननं इकडेतिकडे बघितलं. मग जन्मात पहिल्यांदा त्यानं विंग्रजीचा मराठीत अर्थ सांगितला.

"साहेब म्हनला, 'असन जी.'"

प्रयागबाईनं कुडाकडे बोट केलं. मग म्हणाली,

"मंग मोठा इळा घ्या."