घरातला एक नमुना

दीक्षा मॅडमना शब्दांचा फाफटपसारा आवडत नसे. एम.एस्सी. करताना लागलेली सवय. सातवीच्या पालकांच्या ग्रुपवर टाकायचा मजकूरही त्यांनी तीनदा वाचला : 'उद्या विस्तार अधिकारी पाठ पाहायला येणार आहेत. प्रत्येकाने घरातल्या पाण्याचा एक नमुना पाठवावा.' आठवडाभर वर्गात पाण्याचाच धडा चालला होता. मग पुन्हा 'पाण्याचा' कशाला? त्यांनी तो शब्द काढला, 'घरातला एक नमुना' असं सुटसुटीत केलं आणि मेसेज सोडला.

त्यांची शिक्षण सेवकाची तीन वर्षं याच महिन्यात संपत होती. उद्याचा शेरा चांगला पडला, तर नोकरी कायम.

सकाळी मंगळवार पेठेतल्या आपल्या शाळेत मॅडम पोचल्या, तर सातवीच्या दाराशी मोठाल्या चपलांचा ढीग. आत मागच्या बाकांवर अकरा थोरली माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

"या मॅडम, बसा," कडेला बसलेल्या आजी म्हणाल्या. "मी झुंबरबाई, स्वप्नालीची आजी. आमच्या घरातला नमुना."

"म्हणजे?"

"तुमीच मागवलाय न्हवं? सून म्हणली, मामंजींस्नी पाठवू. लई वाद झाला. शेवटाला मतं घेतली, मी निवडून आलो."

शेजारी राजवीरचे काका आकाराम होते. रोज सकाळी म्हशीची ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय ते चहाला शिवत नसत. पलीकडे प्रसेनजीतचे आजोबा भाऊसो. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी चार माणसं एकत्र दिसली की त्यांना राहवत नसे.

"अहो, मला पाण्याचा नमुना हवा होता," मॅडम म्हणाल्या.



"मग तसं ल्ह्यायचं की," झुंबरबाई म्हणाल्या. "आठ वाजल्यापासनं बसलोय हितं."

कुणाला घरी पाठवायला वेळच उरला नाही. मुख्याध्यापकांच्या मागोमाग अधिकारी दारात उभे राहिले. गर्दी बघून ते तिथंच थबकले.

"दारात थांबू नका पावणं, पुढं सरका," भाऊसो म्हणाले.

साहेब पुढं सरकले. "मॅडम, हे कोण?"

दीक्षा मॅडमची नजर झुंबरबाईंच्या पिशवीवर गेली. पिशवीतून पाण्याची बाटली डोकावत होती. आकारामांच्या मांडीवर एक, भाऊसोंच्या काखेत एक. उन्हाचे दिवस, घरातून पाणी घेतल्याशिवाय कोण निघतं?

"नमुने आहेत, सर," त्या शांतपणे म्हणाल्या. "प्रत्येकानं आपापल्या घरचं पाणी आणलंय."

अकरा परीक्षानळ्या भरल्या. प्रत्येकीत साबणाच्या पाण्याचे पाच थेंब टाकून मुलांनी त्या हलवल्या. झुंबरबाईंच्या घरच्या विकतच्या जारचं पाणी काठोकाठ फेसाळलं. भाऊसोंच्या नळाच्या पाण्याला बेताचा फेस आला. आकारामांच्या बोअरच्या पाण्यावर नुसतीच पांढरट साय तरंगली.

"बोअरच्या पाण्यात क्षार जास्त," मॅडम म्हणाल्या. "म्हणून ते जड. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही."

आकाराम दुखावले. "आमची म्हस ह्येच पाणी पिती. कदी तक्रार न्हाई तिची."

"साबण लावून धुऊन बघा तिला," झुंबरबाई म्हणाल्या.

"धुतो की रोज. फेसच येत न्हाई." आकाराम नळीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दोन वर्सं झाली, म्हशीलाच बोल लावतोय मी."

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. दीक्षा मॅडमनी पाठ तिथंच संपवला. याहून नेमका निष्कर्ष त्यांनाही सांगता आला नसता.

शेरा पडला : 'पालकांचा सहभाग उत्तम. नमुने अस्सल.'

दुपारी मॅडमनी पुढच्या धड्याचा मेसेज लिहिला. या वेळी शब्दांची काटकसर केली नाही. 'उद्या खडकांचा धडा आहे. प्रत्येकाने घरातून एक दगड पाठवावा. दगड म्हणजे खराखुरा दगड.'

मिनिटभरात ग्रुपवर झुंबरबाईंचा व्हॉइस मेसेज आला.

"मॅडम, खराखुरा आमच्यात एकच हाय, स्वप्नालीचा बा. आज-उद्या ड्युटीवर हाय त्यो. परवा लावून दिला तर चालंल का?"