राणीसाहेबांच्या सांड्याचे छत्र उतरले त्याची हकीकत

श्रीसूर्यनारायण समर्थ आहेत. त्यांस आधी नमन, कारण पुढील सारे प्रकरण त्यांच्याच उन्हाचे आहे. शके सोळाशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरी, घाटमाथ्याच्या राज्यात, जेथे धुके दुपारपर्यंत उठत नाही आणि वाळत घातलेले पागोटे ओलेच उतरवावे लागते, तेथे महाराज निंबाजीराजे राज्य करीत असता त्यांचे लग्न जाहले. वधू फार उत्तरेकडील वाळूच्या मुलखाची राजकन्या, नाव सोनकुंवर. वरात आली आणि वधू मेण्यातून उतरली, तो तिचे हाती वेताची करंडी, आणि करंडीत हातभर लांबीचा एक सरडा, अंग मातकट, शेपटीवर काट्यांची वलये. त्या मुलखी यास सांडा म्हणतात. राणीसाहेबांनी तो पिलू होता तेव्हापासून पाळिला होता आणि त्यास भुरू म्हणत. आम्हांस सरपटणारे काहीच आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवितो. तथापि जे घडले ते लिहिणे भाग आहे.

सरडा राजवाड्यात आला तो कोणत्या नात्याने, हा प्रश्न पडला. मानपानाचे रिवाज जाणणारे सखोपंत म्हणोन वृद्ध गृहस्थ दरबारी होते, त्यांस पुसिले. त्यांनी सांगितले, "नव्या वधूबरोबर माहेरचं जे सोबतीला येतं तो पाठराखा. माणूस की सरडा, हे रिवाजात कुठं सांगितलेलं नाही." मग ठरले की सरडा पाहुणा आहे, आणि माहेर राजघराणे म्हणोन पाहुण्यावर छत्र धरावे, आणि वाटा मोकळ्या झाल्या म्हणजे पाठराख्यास परत पोचविण्याच्या निमित्ताने राणीसाहेबांनी पहिल्या माहेरपणास जावे. राणीसाहेब आल्या दिवसापासून त्या जाण्याचीच वाट पाहत होत्या. दासींपाशी दुसरी गोष्ट नव्हती.

मग भुरूस वाळूजीराव ऐसा किताब जाहला, आणि बसावयास चंदनाचा पाट जाहला, आणि रेशमी छत्र जाहले, आणि ते धरण्यास सटवाजी नामे उंच शिपाई नेमिला. मुदपाकखान्यातून साजूक तुपातला शिरा आला, त्याकडे रावांनी पाहिलेही नाही. देवघरातील शेवंतीची माळ मात्र संपूर्ण भक्षिली. हा प्राणी अंगातले मीठ शिंकून बाहेर टाकितो आणि त्याची पांढरी पूड नाकाशी जमते. ती पाहून मंडळी म्हणाली, राव भस्म लावितात, शैव दिसतात. शिंकेची मात्र अडचण जाहली. एकदा राव सारी सकाळ शिंकत राहिले, आणि मोहिमेवर निघालेली फौज अपशकुन नको म्हणोन वेशीपर्यंत जाई आणि परत येई.

परंतु सांड्यास अन्न पचते ते उन्हाने. अंग तापले तर पिवळे होते आणि भूक लागते. निवाले तर काळवंडते. आमचेकडे ऊन पडते ते दुपारी, सदरेपुढील दगडी चौथऱ्यावर, तेवढेच. राव पाट सोडून तिकडे धाव घेत, आणि सटवाजी छत्र घेऊन मागे धावे. राव उजवीकडे वळले तर छत्र उजवीकडे, डावीकडे वळले तर डावीकडे. सटवाजी लांब टांगांचा आणि नोकरीस चोख, त्याची सावली कधी चुकली नाही. आम्ही सारे ते पाहून सटवाजीची तारीफच करीत होतो. होता होता राव कोळशागत काळे पडले, आणि खाणे सुटले, आणि डोळे उघडेनात.

मग राणीसाहेब करंडी घेऊन भर सदरेत आल्या आणि महाराजांस म्हणाल्या, "त्याच्यावरचं छत्र काढा. मान नको त्याला, ऊन हवंय."

महाराजांनी सखोपंतांकडे पाहिले. पंत म्हणाले, "पाठराख्याचं छत्र दोनच वेळा उतरतं, बाईसाहेब. तो परत निघाला तर, नाही तर मरण पावला तर. उगाच उतरवलं तर तुमच्या वडिलांचा अपमान."

"आणि तुमचे वडील," महाराज म्हणाले, "विड्यात चुना कमी पडला म्हणून रुसून परत निघायला घोड्यावर बसलेले आम्ही पाहिले आहेत."

"मग परत पाठवू म्हणाल, तर घाट उतरायच्या आधीच तो मरेल," ऐसे म्हणोन राणीसाहेब रडू लागल्या. सदरेवर रडण्याचा रिवाज नाही, तरी रडल्या. आम्ही लेखणी खाली ठेविली.

सखोपंत बराच वेळ उपरण्याशी चाळा करीत राहिले. मग म्हणाले, "एक वाट आहे. छत्र पाहुण्याला. घरच्याला छत्र नाही. पण तो घरचा, हे वधूनंच भर सदरेत म्हणायला हवं. आणि म्हटलं की तो पाठराखा राहत नाही, आणि पाठराखा नाही तर तुमचं माहेरपणही नाही."

राणीसाहेबांनी करंडीत पाहिले. मग म्हणाल्या, "भुरू माहेरचा नाही. इथला आहे."

"सदरेला ऐकू गेलं पाहिजे, बाईसाहेब," पंत खाली पाहून म्हणाले.

"इथला आहे!" राणीसाहेब ओरडल्या, "इथला, इथला!"

मग सटवाजीने छत्र मिटिले, आणि भुरूस चौथऱ्यावर ठेविले, आणि राणीसाहेब त्याचेपाशी उन्हात बसल्या. थोडे वेळाने महाराज उठले, आणि आपलेही छत्र मागे ठेवून चौथऱ्यावर जाऊन बसले. ऐसे पूर्वी कधी जाहले नव्हते. घाम पुसत पुसिले, "तुमच्याकडे असंच ऊन असतं?"

"ह्याला आम्ही चांदणं म्हणतो," राणीसाहेब म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

आणि भुरूचे अंग आधी काळे, मग करडे, मग पाठीवरून पिवळे होत गेले, आणि त्याने एक डोळा उघडिला, आणि राणीसाहेब वाकल्या तो त्यांचे वेणीतील शेवंती तोडून खाल्ली. तेव्हा राणीसाहेबांस पुन्हा रडू आले. महाराजांनी ते पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "सखोपंत, पाठराखा राजा असू नये, असं रिवाजात कुठं सांगितलंय?"

पंत गडबडले. "नाही महाराज. कुठंच नाही."

"तर वाटा मोकळ्या झाल्या की यांना माहेरी आम्ही घेऊन जाऊ. पाठराखे आम्ही."

आणि नेमके तेव्हाच भुरू शिंकला. सदर गारठली. जाण्याची गोष्ट निघाली आणि शिंक जाहली! राणीसाहेबांचा चेहरा उतरला. तो सखोपंत आयुष्यात प्रथमच घाईने बोलले, "घरच्याची शिंक धरत नाहीत!" ऐसा रिवाज आम्ही त्यापूर्वी ऐकिला नव्हता. आता दरबारी तोच चालतो.

सारांश, सांड्यास मान दिला तेव्हा तो मरावयास टेकला, आणि मान काढिला तेव्हा जगला. महाराज व राणीसाहेब पुढे वाळूच्या मुलखी गेले. तेथे सासऱ्यांनी पाठराखा म्हणोन महाराजांवर रेशमी छत्र धरविले, आणि त्या उन्हात त्यांस त्याची खरोखर गरज पडली. मागे भुरूस शेवंती घालण्याचे काम आम्हांवर आले. आवड नाही, तरी दुपारी लिहावयास आम्ही चौथऱ्यावरच बसतो. तो शेजारी असतो. इति.