घड्याळजींची सापेक्षतेवर स्वारी

स्वस्ति. जाणत्यांस विदित व्हावे जे, राजश्री घड्याळजी, चाळीस वर्षे काटे-चक्रांची निस्सीम चाकरी करणारे, यांचे दुकानी एक गिऱ्हाईक येऊन सहज बोलोन गेले की, उंचावरील घड्याळ तळच्याहून जलद चालते, आणि त्यांत घड्याळाचा कसूर नाही, काळच तैसा चालतो. हे ऐकोन घड्याळजींचे मस्तकी तिडीक उठली. ज्याची उमर खर्चोन ताबेदारी केली तो काळ आपणांस न कळविता ऐसा वागतो, म्हणोन बहुत कष्टी जाहले, आणि मग व्यापक सापेक्षतेचा मुलूख सर करावा ऐसी मसलत करोन, चष्मा पुसोन, ग्रंथालयावर कूच केले.

तेथील किल्लेदार ग्रंथपाल यांनी फर्माविले जे, एका कार्डावर एकच ग्रंथ मिळेल. मग उशीएवढा जाड ग्रंथ काखेत मारोन आणिला, आणि बाराव्या पानी दर अक्षराचे डोईवर व पायाशी बारीक आकड्यांची फौज चढलेली पाहोन अवसान गळाले, माघार घेतली. मग पातळसा दुसरा आणिला, आणि त्याने पानोपानी ‘हे उघडच आहे’ ऐसे म्हणोन दगा दिधला. घड्याळजी तीन रोज अर्धपोटी उठले.

घरीच सौभाग्यवती, शाळेत तीस वर्षे गणित शिकवोन निवृत्त जाहलेल्या. परंतु त्यांजकडे कुमक मागणे घड्याळजींस आजवर कमीपणाचे वाटे. चौथे रोजी तो अभिमान गिळोन ग्रंथ त्यांचे पुढ्यात ठेविला, आणि बाईसाहेबांनी अर्धे पान वाचोन चष्मा काढिला.

“अहो, उघडच असतं तर यानं पुस्तक कशाला लिहिलं? परत करा हे. मागे उत्तरं असलेलं शोधू.”

मग उभयतां ग्रंथालयी जाऊन खालच्या फळीपाशी फरशीवर ठाण मांडिले, आणि बाईसाहेबांनी एकेक ग्रंथ शेवटाकडून उघडोन, उत्तरे नाहीत तो बाद, ऐसा सपाटा चालविला. अखेर पाठीला चिकटपट्टी लाविलेला, सोडविलेल्या उदाहरणांनी भरलेला, मध्यम बांध्याचा एक वीर हाती लागला.

त्याचे पहिले उदाहरण सोडविता दोन वेळा भांडण जाहले, चहा तीन वेळा गार जाहला, आणि मग उत्तर मिळताच घड्याळजींचे तोंडून निघोन गेले,

“बाई, पुढचं कुठलं घेऊ?”

शाळेतून निवृत्त जाहल्यापासोन बाईसाहेबांस या सुरात बाई म्हणोन कोणी हाक मारिली नव्हती. त्यांनी वही ओढोन उत्तरावर बोट ठेविले.

“आधी वजाचं चिन्ह राहिलंय, ते घाला.”

चिन्ह घातले. येणेंप्रमाणें गुरुवारी दुपारी पहिले उदाहरण फत्ते जाहले, बाकी चारशे अकरा गनीम शिल्लक, आणि उभय सरदार आनंदात, ऐसे नमूद केले असे.